दौंडची भोकरी

पाबळ, ता. शिरूर
१९ ऑक्टोबर १९७३

चि. चांगुणा आणि जावई हौसराव, दोघांनाही आशीर्वाद.

परवा घरी पोचलो. शिरूरला गाडी चुकली म्हणून दोन तास स्टँडवर बसावं लागलं, बाकी काही त्रास झाला नाही.

तुझ्याकडे ठेवलेल्या पाच काड्यांकडे लक्ष दे. विहिरीवरच्या आपल्या जुन्या वेलीच्या आहेत, भोकरी द्राक्षाच्या. ही जात आता कुणी लावत नाही, सगळे बिनबियांच्या नव्या द्राक्षामागे लागलेत. पण तू लहानपणी जिच्या मांडवाखाली झोका बांधायचीस, ती हीच वेल. म्हणून हीच दिली. काड्या पत्र्याच्या डब्यात लाव, दोन डोळे मातीत आणि दोन वर. तुला सांगायला नको, पण हौसरावांना दाखव. इंजिनाच्या शेडमधला माणूस, काडी उलटी खोचायचा.

डब्याला खालून भोक पाड. संक्रांतीपर्यंत मुळं धरतील, मग क्वार्टरमागं लाव. तिथली माती मी पायानं उकरून पाहिली. काळी आणि चिकट आहे, पाऊस पडला की आठ आठ दिवस वाळत नसेल. तिथं भोकरी येईल असं मला मुळीच वाटत नाही. पण तू हट्टाला पेटलीस, म्हणून आणून दिल्या.

तुझ्या ओट्यावर घटकाभर टेकलो, त्यात माझं पोट भरलं. मनाला लावून घेऊ नकोस.

रखमाजी


दौंड, रेल्वे क्वार्टर
२६ ऑक्टोबर १९७३

ती. आबांना चांगुणाचा दंडवत.

काड्या लावल्या. यांनी लावल्या, आणि सरळ लावल्या! तुमचं पत्र वाचून हसत होते.

पण आबा, तुमचं पोट माझ्या ओट्यावर टेकून भरलं नव्हतं. ते फलाटावर भरलं होतं. तुम्ही एसटीतून उतरलात, शेजारच्या स्टेशनवर जाऊन नळाला पाणी प्यायलात आणि बाकावर बसून फडक्यातली भाकरी खाल्लीत. यांच्या शेडमधल्या दगडोबानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाला, "आरं हौसराव, तुजा सासरा फलाटावं भाकर खात व्हता. तुज्या घरात चूल पेटत न्हाई व्हय?" हे हातातलं काम करत राहिले. घरी येऊन मला तेवढं सांगितलं आणि आंघोळीला गेले.

नेम मला माहीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरच्या अन्नपाण्याला शिवायचं नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली. आईला जाऊन दोन वर्षं झाली. ती माझ्याकडे चारदा आली आणि चारही वेळा कोरड्या तोंडानं गेली. शेवटच्या वेळी वैशाख होता. मी तांब्या पुढं केला, तिनं हातात घेतला, क्षणभर धरला आणि खाली ठेवला. तो तांब्या मी फडताळात वेगळा ठेवलाय. वापरवत नाही.

मला तुम्हाला माझ्या घरी जेवू घालायचंय. दुसरं काही नको. माझी भाकरी सगळी लाईन नावाजते, आणि जो माणूस लग्नाआधी सगळ्यांत जास्त नावाजायचा तो बाकावर बसून शिळी खातो.

तुमची चांगुणा


पाबळ
३ फेब्रुवारी १९७४

चि. चांगुणास आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन तीन महिने झाले. उत्तर आज लिहितोय.

नेम मी काढलेला नाही. माझी बहीण सोजरबाई केडगावला दिली होती. माझा बाप तिच्या दारातल्या चिंचेखाली बसायचा, तिची ख्यालीखुशाली विचारायचा आणि उठून चालू लागायचा. तिला सहा वर्षांनी मुलगा झाला तेव्हा म्हातारा तिच्या घरी एवढा जेवला की दोन दिवस उठला नाही. लेकीवर बापाचं ओझं नको, म्हणून हे केलं असेल कुणीतरी. मला त्यातलं कळत नाही. पाळत आलेत, मी पाळतो. माझाही दिवस येईल, देवाला डोळे आहेत.

आता कामाचं लिहितो. मुळं धरलेली काडी लावताना जागा नीट बघ. तुला वाटतं, वेल आबांची, मग द्राक्षही आबांच्यासारखंच येईल. तसं नसतं. आपलंच रान आठव. विहिरीकडची ओळ खोल मातीत आहे. तिची पानं पंजाएवढी, घड भरगच्च, पण मणी पाणचट. टेकाडाकडची ओळ मुरमात आहे. तिथं पाणी ठरत नाही, दिवसा ऊन तापतं आणि थंडीत वरून गार वारा उतरतो. वेल काटकुळी, घड लहान, पण मणी तोंडात टाकला की डोळे मिटतात. दोन्ही ओळी एकाच वेलीच्या काड्यांच्या. माती, पाणी, वारा आणि ऊन मिळून फळ करतात, वेल फक्त उभी असते. द्राक्ष वेलीचं नसतं, जागेचं असतं. चाळीस वर्षं बघून सांगतोय.

रखमाजी


दौंड
२९ डिसेंबर १९७४

ती. आबांना दंडवत.

पाचातली एकच काडी जगली, हे तुम्हाला मागं कळवलं होतं. तीच आता माझ्या डोक्याच्या वर गेलीय. ती कशी जगली ते सांगितलं तर तुम्ही रागावाल, म्हणून लपवून ठेवलं होतं. आज सांगते.

तुम्ही माती चिकट म्हणालात ना, म्हणून मी दोन हात खोल खड्डा घेतला. तळाला फुटक्या विटा टाकल्या आणि काळ्या मातीत निम्मी राख मिसळली. चुलीची नाही, शेडमधली. इंजिनाच्या भट्टीतून जळक्या कोळशाची जी खरबरीत राख काढतात, ती. हे चार पाट्या घेऊन आले. आता कितीही पाऊस पडू दे, बुडाशी पाणी थांबत नाही. वेल मागच्या भिंतीला लावलीय. तिथं दुपारपासून ऊन असतं आणि दिवेलागणीनंतरही विटांना हात लावला तर गरम लागतात. मांडवाला लिलावातले रुळांखालचे जुने स्लीपर उभे केलेत. आमच्या क्वार्टरमागं तुमचं टेकाड तयार केलं म्हणा.

शेजारी डिमेलो म्हणून गोव्याचे ड्रायव्हर आहेत. नाताळाला मनुका भिजवून वाईन करतात. यंदा वेल बघून म्हणाले, "बाय, पुढच्या साली मला ताजी द्राक्षं दे." त्यांचा मामा बोटीवर होता, परदेशात हिंडलेला. तो सांगायचा की थंड मुलखात हिवाळ्यात वेलीची पानं झडतात आणि ती बर्फात झोपून जाते. वर्षातून एकदाच छाटायची. आणि तिथं असे जाणकार आहेत की वाईनचा घोट घेऊन सांगतात, ही द्राक्षं कुठल्या डोंगराची, उन्हाच्या अंगाची की सावलीच्या. मला खोटं वाटलं. तुम्हाला काय वाटतं?

आबा, वेलीला पाणी घालताना रोज तुमची आठवण येते. इथं आल्यापासून माहेरची वस्तू म्हणून एवढी एकच माझ्याजवळ वाढतेय.

चांगुणा


पाबळ
१४ जानेवारी १९७५

चि. चांगुणा आणि हौसरावांना संक्रांतीचा तिळगूळ आणि आशीर्वाद.

कोळशाच्या राखेत द्राक्ष! पत्र वाचून मी गावात कुणाला सांगितलं नाही. चाळीस वर्षांचं नाव आहे माझं.

डिमेलोंना सांग, त्या जाणकारांचं मला काही नवल वाटत नाही. मीही डोळे झाकून सांगतो, मणी विहिरीकडचा की टेकाडाकडचा. गावच्या पोरांनी कितीदा पैज लावलीय, एकदाही हरलो नाही. मात्र माझ्या वेलीची द्राक्षं दारूला द्यायची नाहीत, हे आधीच बजावून ठेवतो.

बाकी ते वेलीच्या झोपेचं म्हणतात ते खरं असणार. आपल्याकडे तशी थंडीच नाही, त्यामुळे वेल झोपत नाही, नुसती वाढत सुटते. म्हणून आपण तिला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलात खरड छाटणी कर, अगदी बोडकी करून टाक, दया करू नकोस. उन्हाळ्यात नव्या काड्या येतील आणि त्यांच्या डोळ्यांत घड धरेल. मग दसऱ्याच्या सुमाराला दुसरी छाटणी, फळाची. त्यानंतर महिनाभर मोरचूद-चुन्याची फवारणी चुकवू नकोस. कोवळ्या फुटीवर केवडा रोग पडला की पानं पिवळी पडतात आणि घड गळतो.

मला रोज उठून तुमच्या दौंडाकडच्या ढगांकडे बघायची सवय लागलीय. आधी नव्हती.

रखमाजी


दौंड
२७ ऑक्टोबर १९७५

ती. आबांना दंडवत.

दसऱ्याला छाटणी केली. फूट चांगली आलीय, अकरा घड मोजले.

यंदा दिवाळीला येणं होणार नाही. डॉक्टरांनी एसटीचा प्रवास करू नको म्हटलंय. काळजीचं काही नाही. हे बरोबर आहेत. सविस्तर मग लिहीन.

चांगुणा


पाबळ
५ नोव्हेंबर १९७५

चि. सौ. चांगुणास अनेक अनेक आशीर्वाद.

पोरी, तू लिहिलं नाहीस पण मला कळायचं ते कळलं! डॉक्टर प्रवास नको म्हणतात, आणि काळजीचं काही नाही, याचा अर्थ काय होतो हे मला कुणी शिकवायला नको. तीन महिने होईपर्यंत बोलू नये म्हणतात, म्हणून तू लपवलंस. लपव. मीही गावात तोंड उघडलेलं नाही. फक्त शेजारच्या साखरबाईला सांगितलं, कारण डिंक आणि खारीक कुठली घ्यायची ते मला कळत नव्हतं. ती म्हणाली, "आण्णा, आता जा लेकीच्या घरी आन् बसा पाटावर. लई दीस वाट बघितली तुम्ही." या पत्राबरोबर डिंक आणि खारीक शिरूरच्या ओळखीच्या कंडक्टरबरोबर पाठवतोय.

वेलीचं आता हौसरावांना बघू दे. तू फवारणीचा पंप उचलू नकोस.

मी धुरपदाच्या फोटोपुढं दिवा लावला आणि तिला सांगितलं. तुझी आई हवी होती. तुझ्या घरी मी काय खाणार ते मी ठरवून ठेवलंय: बाजरीची भाकरी, भरलं वांगं, आणि हुलग्याचं माडगं. आणि त्या फडताळातल्या तांब्यातून पाणी पिणार.

तुझा आबा


दौंड
१३ नोव्हेंबर १९७५

आबा,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचवलं नाही.

तुम्हाला वाटलं तसं काही नाही. चूक माझी. खरं लिहायची हिंमत नव्हती म्हणून अर्धं लिहिलं, आणि उरलेलं तुम्ही आनंदानं भरून काढलंत. पुण्याच्या दवाखान्यात माझं पोट तपासायला लहानसं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून शांतपणे सांगितलं. मला मूल होणार नाही. पुढंही नाही.

बाहेर आले तर हे बाकावर बसले होते. मी सांगितलं. म्हणाले, "आसू दे की. आपून दोघं हाय न्हवं?" आणि मला चहा पाजला. एवढ्या मोठ्या गोष्टीवर ते एवढंच बोलले, आणि मला तेवढं पुरलं.

पण आबा, तुमच्यासाठी काय बोलू? म्हणजे आता तुमचा नेम कधीच सुटणार नाही. तुम्ही येणार, ओट्यावर टेकणार, आणि मी तुमच्यासमोर नुसती उभी राहणार, तुम्ही असेपर्यंत. मूल नाही याचं दुःख आहेच, ते माझं मी बघेन. पण माझ्यामुळं आई तहानलेली गेली आणि तुम्हीही तसेच जाल, हे मला सोसत नाही.

डिंक परत पाठवत नाही. लाडू केले आणि यांना डब्यात दिले.

चांगुणा


(पोस्टकार्ड)
पाबळ
१२ डिसेंबर १९७५

चि. चांगुणास आशीर्वाद. मणी बाजरीएवढे झाले असतील. आता पाणी तोडू नकोस. थंडी वाढली तर बुडाशी उसाचं पाचट पसर. प्रकृतीला जप. रखमाजी.


दौंड
२१ फेब्रुवारी १९७६

ती. आबांना दंडवत.

तीन महिन्यांत तुमचं एक पोस्टकार्ड आलं, तेही बहुतेक वेलीला. मी रागावले नाही. पाचट पसरलं.

आबा, द्राक्षं पिकली. अकरापैकी नऊ घड राहिले. सोनेरी झालेत, मण्यातल्या बिया उन्हात दिसतात. तुमच्याकडे मार्चाच्या मध्याशिवाय पिकत नाहीत ना? इथं फेब्रुवारीतच पिकली. भिंतीनं भाजून काढली बहुतेक.

आम्ही अजून एकही मणी तोंडात घातलेला नाही. डिमेलो दोनदा येऊन बघून गेले.

आता माझं ऐका. मी खूप विचार केला. वेल तुमची. काडी तुमच्या हातानं कापलेली, तुमच्या पिशवीतून आलेली. म्हणजे द्राक्ष तुमचंच झालं. ते माझ्या चुलीवर शिजलेलं नाही, माझ्या पिठाचं नाही. आपल्याच वेलीचं फळ खाल्लं तर नेम कसा मोडेल? तुमचा नेम तुमच्याजवळ राहील, आणि मला एकदा तरी तुम्हाला माझ्या दारात काही खाताना बघायला मिळेल. तुम्ही म्हणाल, द्राक्ष जागेचं असतं. तेवढं एक दिवस विसरा.

या. मी पाणी पुढं करणार नाही, कबूल.

चांगुणा


पाबळ
४ मार्च १९७६

चि. चांगुणा आणि हौसराव यांना आशीर्वाद.

रविवारी तुझ्याकडून निघालो तेव्हा तू दारापर्यंत आलीस आणि विचारलंस, "आबा, आपलंच हाय न्हवं?" मी काही न बोलता चालू लागलो. तुला वाटलं असेल, म्हातारा पुन्हा रुसला. रुसलो नव्हतो. बोलायला गेलो असतो तर रस्त्यात रडलो असतो, आणि समोर डिमेलो उभे होते.

जे तेव्हा बोललो नाही ते लिहितो. आधी एक जुनं. तुझ्या आईनं तांब्या खाली ठेवला तो आपल्या मनानं नाही. मी तुझ्या मागं उभा राहून डोळे वटारले होते. परतीच्या गाडीत ती म्हणाली, "घोटभर पानी व्हतं ओ. लेकीचं व्हतं." मी म्हणालो, नेम म्हणजे नेम. त्यानंतर ती दौंडला आली नाही. नोव्हेंबरात तुझं पत्र आलं, तेव्हापासून हे एकच वाक्य माझ्या कानात आहे. म्हणून तुला पत्र लिहवलं नाही. पोस्टकार्डावर वेलीचं लिहिलं, कारण दुसरं लिहायला तोंड नव्हतं.

रविवारी दौंडला उतरलो. पाय सवयीनं नळाकडे गेले. ऊन होतं, घसा सुकला होता. हातपाय धुतले, चूळ भरली आणि पाणी न पिता तसाच निघालो. फडक्यात भाकरीही नव्हती. हे तुला माहीत नाही, म्हणून सांगतो.

तू परातीत घड ठेवलास. मी डोळे मिटले आणि पहिला मणी खाल्ला. गोडी आधी लागली, आंबट मागून आणि थोडं. साल आपल्यापेक्षा पातळ. शेवटी किंचित धुराची चव होती, धुतलं नसशील नीट! विहिरीकडचा मणी असा नसतो, टेकाडाकडचाही नसतो. माझ्याच वेलीची मला ओळख लागली नाही. सगळ्या पाबळात हे द्राक्ष कुठं नाही.

तू मला पळवाट काढून दिली होतीस. "व्हय, आपलंच हाय" म्हटलं असतं तर नेमही राहिला असता आणि तुझंही मन राहिलं असतं. पण चांगुणा, द्राक्षाच्या बाबतीत मी आजवर खोटं बोललो नाही. ते माझं नव्हतं. ते तुझ्या काळ्या मातीचं, तुझ्या भिंतीच्या उन्हाचं, नळावरून तू आणलेल्या पाण्याचं आणि हौसरावांनी पाटीतून वाहिलेल्या राखेचं होतं. माझी फक्त काडी. ते माझं नाही हे पहिल्या मण्यालाच कळलं होतं, आणि त्यानंतर मी अख्खा घड संपवला. म्हणजे मी लेकीच्या घरचं खाल्लं, आणि समजून-उमजून खाल्लं. माझ्या बापाला वर गेल्यावर काय ते सांगेन. तुझ्या आईला आज सांगितलं.

दोन घड डिमेलोंना दे. वाईन करू देत, मी काही म्हणणार नाही. बाटलीवर मात्र दौंड लिहा म्हणावं, पाबळ नको.

तुझ्या त्या वेलीच्या चार काड्या ऑक्टोबरात मला हव्या आहेत. आपल्या मुरमात राख मिसळून बघेन म्हणतो. गावाला काय बोलायचं ते बोलू दे.

पाडव्याला येतो. भरल्या वांग्याचं आणि माडग्याचं मागं लिहिलं होतं, ते लक्षात असेलच. फडताळातला तांब्या घासून ठेव. येताना भाकरी बांधून आणणार नाही.

तुझा आबा